शंभर माणसं, एक चूल, एक बँक खातं : हटेराइट वसाहतीचं रोजचं गणित

गव्हाची_पेंढी (धागाकर्ती)

हटेराइट (सगळी मालमत्ता समाईक ठेवून वसाहतीत राहणारा ख्रिस्ती पंथ) म्हटलं की आपल्याकडे चर्चा हमखास आमिशांवर घसरते, म्हणून हा वेगळा धागा. दोघेही सोळाव्या शतकातल्या, जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथांतून निघालेले. साम्य तिथेच संपतं. आमिश घोडागाडीतून हिंडतो, पण शेत त्याच्या स्वतःच्या नावावर असतं. हटेराइट जीपीएसवर चालणारा ट्रॅक्टर चालवतो, पण तो ट्रॅक्टर त्याचा नसतो. शेत, घर, गोठा, गाडी, कशाच्याही कागदावर त्याचं नाव सापडणार नाही.

'प्रेषितांची कृत्ये'च्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचं सगळं 'समाईक' होतं असं येतं. मराठी बायबलमधला हा शब्द चपखल आहे, कारण सातबारावाल्यांना तो लगेच कळतो. १५२८ साली मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) निकोल्सबर्गहून बाहेर पडलेल्या लोकांनी वाटेत जमिनीवर झगा पसरला आणि ज्याच्याजवळ जे होतं ते त्यावर टाकलं. याकोब हुटर पुढारी झाला १५३३ मध्ये, आणि १५३६ मध्ये त्याला इन्सब्रुकला जिवंत जाळलं. त्याचंच नाव पंथाला मिळालं. पुढे हाकलले जात जात युक्रेनपर्यंत, १८७४ पासून अमेरिकेत डकोटाच्या माळावर, आणि १९१८ नंतर मोठ्या संख्येने कॅनडात. आज वसाहती मुख्यतः मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा, मोंटाना आणि साउथ डकोटात आहेत.

इतिहास एवढाच. इथे रोजचं बोलू. सुरुवात दिवसापासून करते. हटेराइटांच्या तीन गटांत (श्मीडलॉइट, डेरियसलॉइट, लेहररलॉइट) आणि वसाहतीगणिक वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण साचा असा:

सकाळी सातच्या सुमाराला न्याहारीची घंटा. साडेअकरा ते बाराच्या दरम्यान दुपारचं जेवण. तीनला घरी कॉफी आणि काहीतरी तोंडात टाकायला. संध्याकाळी जेवणाआधी 'गेबेट', म्हणजे रोजची अर्ध्या तासाची प्रार्थना, आणि लगेच रात्रीचं जेवण. जेवणघरात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, आणि बसायचं वयाच्या क्रमाने. आधी प्रार्थना, मग जेवण, मग पुन्हा प्रार्थना आणि उठायचं. पंधरा-वीस मिनिटांत पंगत आटोपते. गप्पा मारत जेवणं ही कल्पनाच नाही.

---

पोळपाट

स्वयंपाकघराबद्दल लिहितो, कारण वसाहतीचा कणा तोच.

मुख्य स्वयंपाकीण एकच, आणि ती बहुधा कारभाऱ्याची (त्यांच्या भाषेत 'विर्ट') बायको असते. त्यामागे हिशोब आहे: कोठाराची किल्ली आणि खर्चाची वही एकाच घरात राहते. तिच्या हाताखाली बायका आठवड्याच्या पाळीने येतात, दोघी-दोघी. भाजीघर, बेकरी, भांडी आणि जिथे गाई आहेत तिथे धारा, यांच्या पाळ्या वेगळ्या. सोळा-सतराव्या वर्षी मुलगी पाळीत शिरते आणि पंचेचाळीस-पन्नाशीला स्वयंपाक-बेकरीतून सुटते. ज्या वसाहतीत कामाच्या वयाच्या वीस बायका, तिथे जोडीची पाळी दहा आठवड्यांनी येते. बाराच असतील तर दर सहा आठवड्यांनी. बायकांच्या थकव्याबद्दल बोलायचं असेल तर आधी हा आकडा विचारावा.

पाव. शंभर माणसांना साधारण दोन दिवसांचं एक मळण: मैदा २५ किलो, पाणी साडेपंधरा लिटर, मीठ ५०० ग्रॅम, कोरडं यीस्ट २५० ग्रॅम. एकूण ४१ किलोच्या आसपास कणीक होते, ६०० ग्रॅमचा गोळा धरला तर ६८ पाव. हिवाळ्यात चुकतं ते इथे: मैद्याची पोती थंड कोठारातून थेट परातीत येतात. मळलेली कणीक २६ अंशांना हवी. हिशोब असा: २६ गुणिले ३ म्हणजे ७८, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि यंत्राच्या घर्षणाचे साधारण १० वजा करायचे. मैदा ५ अंशांवर आणि खोली २० वर असेल तर पाणी ४३ अंशांचं लागतं. इतक्या कोमट पाण्यात यीस्ट नुसतं टाकायचं नाही, मैद्यात मिसळूनच घ्यायचं. त्यापेक्षा पोती आदल्या दिवशी आत आणून ठेवावीत हे बरं.

---

काळी_माती

+१. एक भर. लहान मुलं मोठ्यांच्या पंगतीत नसतात. सहा ते पंधरा वयाची मुलं 'एसनशूल'मध्ये, म्हणजे मुलांच्या वेगळ्या जेवणघरात. तिथे वाढायला आणि शिस्तीला जर्मन भाषेचा शिक्षक आणि त्याची बायको. आणि परंपरेने धर्मगुरू आपल्या घरीच जेवतो, पंगतीला नाही.

घरात स्वयंपाकघर नसतं म्हणतात ते जुन्या लांबुळक्या घरांबाबत खरं आहे. नव्या घरांत कॉफीपुरता ओटा आणि फ्रीज असतो, पण जेवण तिथे शिजत नाही.

---

नवखा_१२

माहिती छान. पण एक भाबडा प्रश्न. कुणाला पगार नाही, कुणाचं काही नाही, मग कामचुकारांचं काय होतं?

---

खातेवही

भाबडा नाही, हाच प्रश्न मुळाशी आहे. आधी पैशाचं सांगतो, म्हणजे उत्तर आपोआप येईल.

वसाहत ही कायद्याने एक संस्था असते. जमीन, कर्ज, धान्यविक्री, सगळं तिच्या नावावर. कॅनडात दूध, अंडी, कोंबड्या आणि टर्की विकायला उत्पादनाचा कोटा लागतो, तोही वसाहतीच्या नावावर. चेकवर सही विर्टची. त्याच्या शेजारी धर्मगुरू, दुसरा धर्मगुरू, शेतीचा मुकादम ('वाइनझेडल') आणि आणखी एक-दोघे, असं पाच-सहा जणांचं मंडळ. मोठा खर्च, म्हणजे जमीन, नवा गोठा, कम्बाइन, मंडळापुढे आणि मग सगळ्या बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांच्या मतदानाला जातो. बायकांना मत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

माणसाच्या हाती येतं ते 'त्सेरगेल्ड', महिन्याचा किरकोळ हातखर्च. रक्कम वसाहतीवर अवलंबून, पण चार-दोन वस्तूंच्या पलीकडे जात नाही. कपड्याचं कापड वयानुसार मोजून मिळतं, शिवायचं घरी. बूट, चष्मा, दाताचा डॉक्टर, हे सगळं विर्टकडून.

करही तसाच वेगळा. कॅनडाच्या आयकर कायद्यात कलम १४३ आहे: वसाहतीचं उत्पन्न एका ट्रस्टचं मानतात आणि ते सदस्यांमध्ये वाटलं असं धरून कर लावता येतो. म्हणजे ज्याने आयुष्यात पगार घेतला नाही त्याच्याही नावावर उत्पन्न दिसतं. अमेरिकेत अशा समाईक तिजोरीच्या धार्मिक संस्थांसाठी ५०१(डी) हे पोटकलम १९३६ पासून आहे.

आता कामचुकार. प्रत्येक खात्याला एक प्रमुख असतो: डुकरांचा, कोंबड्यांचा, वर्कशॉपचा, बागेचा. शंभर माणसांत कोण कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं. खरा त्रास आळशाचा नसतोच. त्रास होतो तो माणसं जास्त आणि खाती कमी झाली की. तिशीतला धडधाकट पुरुष कुणाचा तरी हरकाम्या म्हणून फिरतो आणि खात्याचा प्रमुख व्हायची पाळी येत नाही, तेव्हा वसाहत नासायला लागते.

---

काळी_माती

खातेवहींनी बरोबर जागी बोट ठेवलं. वसाहत किती मोठी होऊ द्यायची याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

लोकसंख्या साठ-सत्तरने सुरू होते. १२० ते १५० झाली की फूट. भांडून नव्हे, ठरवून. मुलीसारखी नवी वसाहत वेगळी काढतात. कारण प्रमुखपदं मोजकीच. डुकरांना एक प्रमुख लागतो, डुकरं दुप्पट केली तरी एकच. शंभराच्या पुढे गेलात की खाती तेवढीच आणि हात जास्त. त्यात तंत्रज्ञानाने हात आणखी कमी लागायला लागले. म्हणून काही वसाहती आता शेतीबाहेरचं काम काढतात: धातूकाम, छपराच्या कैच्या, डुकरांच्या गोठ्याचं साहित्य.

फुटण्याची पद्धत मुळातून बघण्यासारखी आहे:

जमीन आधी घ्यायची. बचत अनेक वर्षं चाललेली असते, खरं तर नव्या वसाहतीचं कर्ज फिटलं की पुढच्या फुटीची बचत लगेच सुरू. मग तिथे घरं, जेवणघर, गोठे बांधायचे. जुन्या वसाहतीतली माणसं रोज जा-ये करून ते उभारतात. मग कुटुंबांच्या दोन याद्या. एकीवर पहिला धर्मगुरू, दुसरीवर दुसरा. वयं, कसबं, म्हातारे, पोरं, सगळं दोन्हीकडे तोलून. वेल्डर एका बाजूला आणि इलेक्ट्रिशियन दुसऱ्या बाजूला गेला तर दोन्हीकडे पंचाईत, म्हणून फुटीच्या पाच-सात वर्षं आधीपासून प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करतात. शेवटी सगळ्याच कुटुंबांनी सामान बांधायचं आणि चिठ्ठी उचलायची. कुठली यादी जाणार आणि कुठली राहणार ते तेव्हाच कळतं. निघणारे निघतात, राहणारे गाठोडी सोडतात.

ही चिठ्ठी जुन्या वळणाच्या गटांत काटेकोर पाळली जाते. काही ठिकाणी मात्र कोण जाणार हे चर्चेने आधीच ठरतं.

काय बिघडतं? एक, सख्ख्या भावांचं मोठं कुळ एकाच यादीत गेलं की दुसरीकडची कुळं मंडळात कायम अल्पमतात. दोन, नव्या वसाहतीला कोटा अपुरा मिळाला की पहिली दहा वर्षं कर्जाखाली. तीन, लग्न. मुलगी नेहमी नवऱ्याच्या वसाहतीत जाते, म्हणून जिथे मुलगेच जास्त तिथे आकडा फुगतो आणि जिथे मुली जास्त तिथे कामाला माणसं उरत नाहीत.

---

गव्हाची_पेंढी

आकड्यांवरून आठवलं. ईटन आणि मेयर यांनी १९५३ मध्ये हटेराइट बायकांचा सरासरी जननदर दहाच्या वर दाखवला, आणि लोकसंख्याशास्त्रात 'नैसर्गिक जननक्षमते'चा (म्हणजे संततिनियमन न करता होणाऱ्या जन्मांचा) मापदंड म्हणून तो आजही वापरतात. आता कुटुंबं त्याच्या निम्म्यावर आली आहेत. म्हणून फुटीमधलं अंतर वाढलं.

---

चिमटीभर_मीठ

बाळंतपणाचं कुणी लिहिलं नाही. बाळंतिणीला वसाहतीच्या कामांतून पूर्ण सुटी, आणि आई किंवा बहीण दुसऱ्या वसाहतीतून सोबतीला येते. पहिले काही आठवडे तिच्यासाठी वेगळं, जास्त कसाचं जेवण शिजतं. कोंबडीच्या रश्शातल्या शेवया त्यात हमखास. डिंकाचे लाडू नाहीत एवढंच.

अडीच-तीन वर्षांचं मूल 'क्लाइनशूल'मध्ये, तिथे वयस्क बायका सांभाळतात. मधली पिढी कामाला मोकळी होते ती त्यामुळे. पंधराव्या वर्षी मूल मोठ्यांच्या पंगतीत येतं, आणि त्या दिवशी त्याला स्वतःची अवजारं मिळतात: मुलाला हातोडी-फावडं-करवत असलं काही, मुलीला सुरी, लाटणं, खुरपं, झाडू. आणि कुलपाची पेटी. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलं.

---

नवखा_१२

पेटीला कुलूप! समाईकात कुलूप कशाला?

---

चिमटीभर_मीठ

म्हणूनच.

---

पोळपाट

सामुदायिक कामाचे दिवस राहिले. तीन लिहितो.

कोंबड्या. शे-दोनशे नव्हे, एका दिवसात हजाराच्या घरात साफ होतात आणि त्या दिवशी सगळी वसाहत रांगेत. गरम पाणी ६० ते ६३ अंश, ४५ ते ९० सेकंद. पाणी जास्त तापलं की उपटण्याच्या यंत्रात कातडी फाटते, थंड झालं की शेपटीची पिसं राहतात. शंभरेक कोंबड्यांनंतर टाकीचं पाणी उतरतं, म्हणून थर्मामीटरजवळ एक माणूस कायमचा ठेवायचा. साफ केलेली कोंबडी बर्फाच्या पाण्यात ४ अंशांखाली जायला हवी. उन्हाळ्यात बर्फ कमी पडतो आणि माल तिथेच खराब होतो. बदक-हंसाचं वेगळं: पिसं तेलकट, पाणी आत जात नाही, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब. पण हंसाचं आतलं मऊ पीस रजईसाठी हवं असेल तर ते आधी कोरडंच उपटायचं.

आंबवलेला कोबी. ५० किलो चिरलेल्या कोबीला १ ते सव्वा किलो मीठ, म्हणजे दोन ते अडीच टक्के. चोळून पाणी सुटलं की दाबून भरायचा आणि वर वजन ठेवायचं. पाण्याच्या वर एक पान जरी आलं तरी बुरशी. १८ ते २२ अंशांत तीन ते सहा आठवडे. मीठ कमी झालं तर कोबी मऊ पडतो, तीन टक्क्यांच्या वर गेलं तर नीट आंबत नाही आणि कधी गुलाबी होतो. गुलाबी झालेला फेकायचा.

साबण. डुकराची चरबी भरपूर असते. १० किलो वितळवून गाळलेल्या चरबीला कॉस्टिक सोडा १.३ किलो, पाणी सव्वातीन लिटर. सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही: सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. दाट झालं की साच्यात, दुसऱ्या दिवशी कापायचं, चार ते सहा आठवडे वाळवायचं. चरबीत मांसाचे कण राहिले तर साबणाला वास येतो, म्हणून दोनदा गाळायची.

---

रानझरा

धाग्यात सगळं गोडगोड चाललंय. बाहेर पडणाऱ्याला काय मिळतं? अंगावरचे कपडे. वीस-तीस वर्षं राबून.

---

खातेवही

खरं आहे, आणि कोर्टानेही तेच सांगितलंय. मॅनिटोबातल्या इंटरलेक वसाहतीतून काढलेल्यांनी मालमत्तेत वाटा मागितला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये नाही म्हटलं: सदस्य होताना जे सोडलं ते सोडलं.

पण १९९२ चा लेकसाइड वसाहतीचा निकाल वाचा. भांडण डुकरांना खाद्य देणाऱ्या यंत्राच्या पेटंटवरून सुरू झालं (जिथे कुणाचंच काही नाही अशा ठिकाणी शोध कुणाचा?). तिथे न्यायालयाने म्हटलं की काढून टाकायचं तर आधी रीतसर कळवायला हवं आणि बाजू मांडायची संधी हवी. ती दिली नव्हती, म्हणून हकालपट्टी रद्द. वाटा मिळत नाही, पण घराबाहेर काढण्यालाही नियम आहेत, एवढा फरक पडला.

---

रानझरा

हे माहीत नव्हतं. तरी बायकांना मत नाही ते नाहीच.

---

गव्हाची_पेंढी

नाहीच. रानझरा यांच्याशी सहमत. भाजीच्या बागेत किती रांगा टाकायच्या ते बायका ठरवतात, ती बाग विकायची की नाही ते पुरुष.

---

मुळा_मुठा

थोडं अवांतर. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय? केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आठवतं: विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शेकडो बायका एकत्र. ना. वा. टिळकांचा साताऱ्यातला 'देवाचा दरबार' १९१७ चा.

---

काळी_माती

जवळचं वाटतं, पण जात वेगळी. मुक्ती सदन ही संस्था, निराधारांना आधार देणारी. मालमत्ता संस्थेची, आणि राहणाऱ्या बायका बाहेरून आलेल्या, पिढ्यानपिढ्या तिथेच वाढणाऱ्या नव्हेत. टिळकांचा दरबार आध्यात्मिक बंधुत्वाचा, त्यात कुणी शेत विकून खात्यात टाकावं अशी अट नव्हती. हटेराइटांची कसोटी तीच एक: बाप्तिस्मा घेताना मालकीवर पाणी सोडणं. म्हणून तो विशीनंतरच होतो, आणि बाप्तिस्म्याशिवाय लग्न नाही.

---

नवखा_१२

शेवटचा प्रश्न. प्रेअरीत (कॅनडाच्या गवताळ माळावर) राहणारे बरेच मराठी लोक वसाहतीत भाजी-कोंबड्या आणायला जातात. काही पथ्यं?

---

चिमटीभर_मीठ

रविवारी जाऊ नका, 'लेर' म्हणजे मोठी उपासना असते आणि विक्री बंद. इतर दिवशी साडेअकरा ते साडेबारा टाळा, सगळे पंगतीत असतात. आधी फोन करा. ताजी कोंबडी फक्त कापणीच्या आठवड्यात मिळते, एरवी गोठवलेली. कूलर आणि बर्फ सोबत न्या. आपल्याकडे लागते तशी बिनकातडीची कोंबडी हवी असेल तर आधीच सांगा, ते कातडीसकटच साफ करतात.

---

खातेवही

आणि फोटो काढू नका, निदान विचारल्याशिवाय. दुसऱ्या आज्ञेतल्या मूर्तिनिषेधाचा ते तसा अर्थ लावतात, गटागटांत कमीजास्त. अल्बर्टातली विल्सन वसाहत वाहनपरवान्यावरच्या फोटोविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००९ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरली. दूध, धान्य, डुकरं, सगळं ट्रकवर चालतं, त्यामुळे परवाना हा तिथे चैनीचा मामला नाही.

पैसे विर्टच्या हातात किंवा विक्रीच्या खोलीतल्या डब्यात. भाजी देणाऱ्या मुलीच्या हातावर वरचे पाच डॉलर ठेवू नका. तिला ते त्याच डब्यात टाकावे लागतात.